रेस धरत नाही, साहेब!

२०२४ च्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारची झोप आटोपून चहाची वाट पाहत बसलो होतो, तेवढ्यात गावाकडून पुतण्याचा फोन आला.

'काका, ट्रॅक्टर देऊन टाकावा म्हणतोय. रेसच धरत नाही.'

बार्शी तालुक्यात आमचं घर आणि बारा एकर जमीन. थोरल्या भावाला आम्ही सगळे दादा म्हणायचो. दादा २०२३ साली गेला. त्याच्या मागं शेत पुतण्याच बघतो. ट्रॅक्टर दादानं १९८७ साली घेतलेला. तीन सिलिंडरचा, पस्तीस हॉर्सपॉवरचा, आणि एके काळी लाल रंगाचा. घरात लग्नं झाली, बाळंतपणं झाली, वाटण्या होता होता राहिल्या, पण हा ट्रॅक्टर आपल्या छपराखालून हलला नाही.

'रेस धरत नाही' हे शब्द कानावर पडले आणि चहा समोर आला तरी मला भान नव्हतं. हेच शब्द मी १९८९ साली एका शेतकऱ्याच्या तोंडून ऐकले होते. तेव्हा मी एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या ग्रामीण शाखेत शेतकी अधिकारी होतो. ते ऐकून मी जे केलं, ते आजवर कुठं लिहिलेलं नाही. चार कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतही ते आलं नाही. आज लिहितो आहे. पण आधी ट्रॅक्टरचं बघू. ट्रॅक्टर समजल्याशिवाय माझी चूक समजायची नाही.

दुसऱ्या दिवशी एस.टी. धरून गावी गेलो. पुतण्यानं छपरातच ट्रॅक्टर चालू करून दाखवला. थोडा वेळ तो शहाण्यासारखा चालला. मग आवाज चढला, उतरला, पुन्हा चढला. झोपेत घोरणारा माणूस मध्येच श्वास अडकून दचकावा आणि पुन्हा घोरायला लागावा, तसा प्रकार. रेसचा दांडा जागचा हललेला नाही, कुणी हात लावलेला नाही, आणि इंजिन आपलं आपणच वरखाली होतंय. शेतात गेल्यावर तर कहर. नांगर जमिनीत घातला की गुदमरायचं, उचलला की बोंबलत सुटायचं.

'पंपवाल्याकडं जाऊन आलो,' पुतण्या म्हणाला. 'पंप उतरवावा लागंल म्हणाला. वीस-बावीस हजार. त्यापरीस ह्याला एक्स्चेंजमध्ये देतो आणि नवा घेतो. बँक देतीय की सात लाख.'

बँक देतीय की! हे वाक्य मी टेबलाच्या पलीकडून किती वेळा ऐकलं असेल याचा हिशेब नाही. वहिनी चुलीपुढं बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. फक्त भाकरी जरा जोरात थापली गेली.

० ० ०

डिझेल इंजिनाचं एक वैशिष्ट्य शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. मोटारसायकलच्या पेट्रोल इंजिनात ठिणगी पडते. डिझेलमध्ये ठिणगी नसते. आत घेतलेली हवा पिस्टन दाबत नेतो, मूळ जागेच्या साधारण सोळाव्या हिश्श्यात कोंडतो. दाबलेली हवा तापते. सायकलच्या पंपाचं टोक हाताला गरम लागतं ना, तसंच, पण शेकडो अंश. त्या तापल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला की ते आपोआप पेटतं. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरनं आउग्सबुर्ग इथं १८९७ साली असं इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं. आपल्याकडे पुण्यात १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली आणि पुढं विहिरीविहिरीवर डिझेल इंजिनाचा ठेका ऐकू येऊ लागला. मोटेचे बैल सुटले ते त्या आवाजावर. माझं बालपण त्याच आवाजात गेलं.

आता खुबी अशी, की पेट्रोल इंजिनात आपण मूठ पिळली की हवेची वाट कमीजास्त होते आणि वेग बदलतो. या जुन्या डिझेल इंजिनात हवेची वाट कायम मोकळी. वेग ठरतो तो फक्त डिझेलच्या मापावर. आणि हे माप किती? भर कामात असताना एका वेळी एका सिलिंडरमध्ये जाणारं डिझेल म्हणजे ज्वारीचे दोन दाणे. इंजिन नुसतं उभ्यानं चालू असेल तर एक दाणासुद्धा नाही. मिनिटाला दीड हजार फेरे होत असतील तर तीन सिलिंडरांत मिळून सव्वादोन हजार वेळा हे माप घालायचं, आणि प्रत्येक वेळी सारखं! पंपाच्या आतले दट्टे म्हणून इतके बारीक बेतलेले असतात, की दट्ट्या आणि त्याच्या नळीमधली फट मिलिमीटरच्या हजार भागांतले दोन-तीन भाग एवढीच. डिझेलला फिल्टर का लागतात, ते यावरून कळावं.

एवढं बारीक माप माणसाच्या हाताला सांभाळता येणार नाही. नांगराला मऊ माती लागली की इंजिन पळणार, खडक लागला की अडणार. म्हणून पंपाच्या मागं एक कारभारी बसवलेला असतो. त्याचं नाव गव्हर्नर. पंपाच्या आसाबरोबर दोन वजनं फिरतात. वेग वाढला की जत्रेतल्या पाळण्यासारखी ती बाहेर फाकतात आणि एका दांडीला ढकलून डिझेल कमी करतात. वेग उतरला की आत मिटतात, डिझेल वाढतं. त्यांना उलट ओढून धरायला एक स्प्रिंग असते. ड्रायव्हर रेसचा दांडा ओढतो, तेव्हा त्याला वाटतं आपण डिझेल वाढवलं. प्रत्यक्षात तो फक्त त्या स्प्रिंगचा ताण वाढवतो. 'मला एवढा वेग हवा' असा हुकूम कारभाऱ्याला जातो. किती डिझेल द्यायचं, ते कारभारी ठरवतो.

ही कल्पना जेम्स वॉटनं १७८८ साली वाफेच्या इंजिनाला लावली होती. पवनचक्क्यांमध्ये तशी युक्ती आधीपासून होती. पण या कारभाऱ्याला एक खोड आहे. त्याला बातमी उशिरा कळते. वेग उतरल्यावर तो डिझेल वाढवतो, तोवर वेग आणखी उतरलेला असतो. मग घाईनं जास्त देतो, वेग हवा त्यापेक्षा पुढं जातो, मग घाईनं कापतो. याला मेकॅनिक लोक 'हंटिंग' म्हणतात. इंजिन जणू आपल्या ठरल्या वेगाची शिकार करत त्याच्या मागंपुढं धावत राहतं. मॅक्सवेलसारख्या थोर शास्त्रज्ञानं १८६८ साली या गव्हर्नरवर गणिती निबंध लिहिला, कोणतं यंत्र स्थिरावेल आणि कोणतं असं झुलत राहील याचा. बँकेत कर्जवसुलीची परिपत्रकं वाचताना मला हा निबंध ठाऊक नव्हता. ठाऊक असता तर बरं झालं असतं. वसुली थंडावली की जप्तीचा हुकूम, जप्तीनं ओरड झाली की 'सबुरीनं घ्या', सबुरी झाली की पुन्हा मार्चचा दट्ट्या. आमचंही हंटिंगच चाललेलं असायचं.

चांगल्या इंजिनात हे झुलणं दोन-तीन हेलकाव्यांत विरतं. न विरता चालूच राहिलं, तर दोन शक्यता. एक, खुद्द गव्हर्नर बिघडला: स्प्रिंग ढिली पडली, पिना झिजल्या, दांडी अडकू लागली. किंवा दुसरी, गव्हर्नर धडधाकट आहे, पण त्याच्यापर्यंत डिझेलच नीट पोचत नाही. मध्ये हवेचा बुडबुडा आला, तर दट्ट्या डिझेल ढकलण्याऐवजी बुडबुडाच दाबत बसतो. डिझेल दबत नाही, हवा दबते. तेवढा फवारा चुकतो, वेग पडतो, कारभारी घाबरून डिझेल वाढवतो, तोवर बुडबुडा निघून गेलेला असतो, आणि इंजिन बोंबलत सुटतं. बाहेरून आवाज दोन्ही दुखण्यांचा सारखाच. पण एकाचा खर्च बावीस हजार आणि दुसऱ्याचा कधी कधी बावीस रुपयेसुद्धा नाही.

० ० ०

पंप उतरवण्याआधी जुन्या मिस्त्रींना बोलवू, असा मी हट्ट धरला. मिस्त्री सत्तरी ओलांडलेले, काम सोडून दहा वर्षं झालेली. पुतण्या मोटारसायकलवर घेऊन आला. आल्या आल्या त्यांनी पान्ह्याला हात लावला नाही. ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारली, चहा घेतला आणि म्हणाले, 'आधी फुकटची कामं करू. मग रुपयाची, मग शंभराची. हजाराचं काम शेवटाला. आजकालची पोरं उलटं करत्यात.'

त्या दिवशी मी वही घेऊन बसलो. ज्यांच्या घरी असा जुना ट्रॅक्टर आहे, त्यांच्यासाठी मिस्त्रींचा क्रम देतो.

फुकटचं पहिलं काम म्हणजे टाकीचं झाकण. झाकणाला हवा आत यायला बारीक भोक असतं. ते मातीनं बुजलं, तर डिझेल जाईल तशी टाकीत पोकळी तयार होते आणि डिझेल उतरेनासं होतं. झाकण ढिलं करून इंजिन चालवायचं. सुधारलं, तर काडीनं भोक साफ करायचं, दुखणं संपलं. आमचं नाही सुधारलं.

दुसरं, रेसच्या दांड्यापासून पंपापर्यंतच्या सळया. त्यांच्या पिना झिजलेल्या असल्या तर कारभाऱ्याला हुकूमच डळमळीत जातो. त्या हातानं हलवून पाहायच्या. ज्या पंपाच्या पोटात वेगळं ऑइल असतं, त्याची पातळीही तेव्हाच बघायची.

तिसरं, टाकीखालची पाइप सोडून डिझेलची धार बघायची. धार बारीक असेल तर टाकीच्या तोंडाची जाळी गाळानं भरली. आमची धार जरा बारीक होती. मिस्त्रींनी 'हं' केलं आणि पुढं गेले.

मग फिल्टर. तळाशी पाणी साठलंय का, आतला कागद काळा पडलाय का, वरची रबरी रिंग नीट बसलीय का. फिल्टर बदलला की हवा काढावी लागते. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करायचा, हातपंप मारत राहायचं, फेस येणं थांबून निव्वळ डिझेल आलं की मारता मारताच स्क्रू आवळायचा. मग तसंच पंपावरच्या स्क्रूचं. याला गावाकडं 'एअर काढणं' म्हणतात आणि ट्रॅक्टरवाल्या घरातल्या शाळकरी पोरांनाही ते येतं.

नंतर नोझल. इंजिन मंद चालवून एकेका नोझलच्या पाइपचं नट किंचित ढिलं करायचं. चांगल्या सिलिंडरचं ढिलं केलं की आवाज लगेच लंगडा होतो. ज्याचं ढिलं करूनही फरक पडत नाही, तो दोषी. इथं मिस्त्रींनी पुतण्याला एकदम मागं ओढलं. 'बोटं लांब ठेव. नोझलचा फवारा कातडीतनं आत शिरतो. वरनं टाचणीएवढं दिसतं, पण हात जायची पाळी येती.' ही गोष्ट अगदी खरी आहे. असं झालं तर दुखत नसलं तरी त्याच क्षणी दवाखाना गाठावा.

आणखी एक इशारा त्यांनी दिला. क्वचित इंजिन असं सुटतं की स्टॉपचा दांडा ओढूनही थांबत नाही. त्यावेळी पळापळ न करता हवेच्या नळीचं तोंड फळीनं बंद करायचं. हात मात्र लावायचा नाही. हवा तुटली की इंजिन मरतंच.

आणि सगळ्यांत शेवटी पंप. तोही घरी उघडायचा नाही. त्याचं सील तोडायचं नाही. तालुक्याला तपासणीचं यंत्र असतं, तिथंच न्यायचा.

एवढं सांगून मिस्त्रींनी पुतण्याला विचारलं, 'ही असं कवा करतंय?'

'दुपारी. सकाळी निघताना टाकी फुल्ल करतो, तवा दोन-तीन तास एकदम नीट. मग नाटक सुरू. इंजिन तापल्यामुळं आसंल.'

'आन् तवा टाकीत डिझेल किती आसतं?'

पुतण्यानं जरा विचार केला. 'निम्म्याच्या खाली.'

मिस्त्री हसले. माझ्या हातातलं पेन मात्र थांबलं.

० ० ०

१९८९ सालचा मे महिना. शाखेतल्या थकबाकीदारांच्या यादीत एक ट्रॅक्टरचं कर्ज होतं. दोन हप्ते चुकलेले. मी स्थळपाहणीला गेलो. शेतकरी चाळिशीचे, पांढरी टोपी, बोलायला मऊ. जमिनीचं त्यांचं भागायचं. हप्ता भरायचा होता तो दुसऱ्यांची नांगरट भाड्यानं करून. आणि तेच काम बंद पडलं होतं.

'रेस धरत नाही, साहेब,' ते म्हणाले. 'अर्ध्या वावरात दम तोडतो. लोक दुसरा ट्रॅक्टर बोलवतात. पंप तालुक्याला नेऊन आणला, अकराशे रुपये गेले, तरी तेच.'

मी तेव्हा तिशीतला. 'विहिरीला पाणी लागलं नाही', 'म्हैस आटली', 'ट्रॅक्टर बंद आहे' या तिन्ही गोष्टी आम्हाला वसुलीच्या प्रशिक्षणात जणू सबबींच्या यादीतच शिकवल्या होत्या. मी म्हणालो, 'माझ्यासमोर चालवा.'

'डिझेल कमी आहे.'

'मग भरा.' डिझेल नसल्याची आणखी एक सबब नको म्हणून मी बजावलं, 'टाकी भरूनच चालवा.'

त्यांनी पोराला सायकलवरून पिटाळलं. दोन कॅन आले. माझ्यादेखत टाकी काठोकाठ भरली. ट्रॅक्टर चालू झाला आणि बांधावर उभा राहून मी पाहिला. अर्धा तास नांगर ओढला, एकदाही अडला नाही. ते गृहस्थ ट्रॅक्टरकडे असे बघत होते, जसं काही घरच्या माणसानं पंचांसमोर खोटी साक्ष दिली. मला वाटलं, चोरी पकडली. अहवालात मी लिहिलं, 'वाहन चालू स्थितीत. कर्जदार सबबी सांगतो. हेतुपुरस्सर थकबाकीदार.' खाली सही केली, तारीख घातली.

पावसाच्या तोंडावर ट्रॅक्टर ओढून आणला. हिवाळ्यात लिलाव झाला. आलेल्या पैशात कर्ज फिटलं नाही, बाकी राहिलीच.

लिलावात तो एका फिटरनंच घेतला होता. पुढं त्याचं खातं आमच्या शाखेत आलं. एकदा पैसे भरताना तो खुशीत सांगू लागला, 'साहेब, काय नव्हतं हो त्याला. फीड पंपाच्या आधीच्या जोडाला तांब्याचा वायसर असतो, तो चिरलेला. रुपया-दीड रुपयाचा माल. टाकी भरलेली असली की डिझेल आपल्या वजनानं खाली येतं. टाकी उतरली, की पंपाला ओढावं लागतं, मग त्या चिरेतनं हवा घेतो. ज्याला कळलं त्याला कळलं!' आणि तो हसला. मीही हसलो. हसल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. टाकी भरायला मीच लावली होती. दुखणं दिसलं असतं ते अर्ध्या टाकीवर. मी ते माझ्या हुकमानं झाकलं होतं.

इथवर अज्ञान होतं. त्याच्या पुढचं अज्ञान नव्हतं.

१९९० मध्ये केंद्र सरकारनं दहा हजार रुपयांपर्यंतची कर्जमाफी जाहीर केली. २ ऑक्टोबर १९८९ रोजी थकीत असलेल्या कर्जांसाठी ती होती. हेतुपुरस्सर थकबाकीदारांना ती नव्हती. शाखेतली यादी करायचं काम माझ्याकडे आलं. त्या शेतकऱ्याची फाइल माझ्यापुढं आली, आणि तिच्यात माझ्याच अक्षरातला माझाच शेरा. तोवर मला वायसरची हकिकत कळलेली होती. शेरा बदलायचा तर स्वतःच्या सहीविरुद्ध टिपण लिहावं लागलं असतं. मॅनेजर विचारणार, ऑडिटर विचारणार, 'तेव्हा काय बघितलंत?' माझी बढतीची मुलाखत तोंडावर आली होती. मी फाइल मिटली आणि खालची उचलली.

दहा हजार रुपये. १९९० सालचे.

त्यांनी बाकी फेडली. दोन एकर विकले असं ऐकलं. माझी बदली व्हायच्या थोडं आधी ते कर्ज फिटल्याचा दाखला न्यायला आले. मी दाखला टाइप करून दिला, सही केली. त्यांनी घडी घालून टोपीत ठेवला. जाताना वळून विचारलं, 'साहेब, तो ट्रॅक्टर चालतोय का हो कुठं?'

'चालतोय,' मी म्हणालो.

'मग बरं,' असं म्हणून ते पायऱ्या उतरून गेले. त्यांना सांगायला मला तेव्हा दोन मिनिटं पुरली असती. मी सांगितलं नाही. बढती मिळाली. त्या गावाला मी परत कधी गेलो नाही.

० ० ०

मिस्त्रींनी पाच लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन मागवला. स्वच्छ डिझेल भरून तो इंजिनापेक्षा उंच, छपराच्या वाशाला बांधला. टाकीकडून येणारी पाइप सोडून कॅनमधली आरपार दिसणारी नळी थेट फीड पंपाला लावली. एअर काढून इंजिन चालू केलं. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. आवाज एका पट्टीत. वहिनी परसातून हात पुसत आल्या आणि नुसत्या उभ्या राहिल्या. त्यांना तो आवाज छत्तीस-सदतीस वर्षं ओळखीचा होता.

'पंप चांगला, गव्हर्नर चांगला, नोझल चांगली,' मिस्त्री म्हणाले. 'चोर टाकी ते पंप ह्या अडीच हातांत हाय. पंपाच्या पुढं गळलं तर डिझेल बाहेर येतं, दिसतं. पंपाच्या मागं गळलं तर हवा आत जाती. हवा कुठं दिसती? थेंब पडत न्हाई म्हणून कुणी बघत न्हाई.'

टाकीची जाळी काढली. तिच्यावर शेवाळासारखा काळा गाळ. त्यामुळं पंपाला आणखी जोरानं ओढावं लागत होतं. आणि तिच्या खाली, पाइपच्या मध्ये जोडलेला चार इंच रबरी नळीचा तुकडा. त्याच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, वरून बारीक तार, तारेला पिळा. ती गाठ आम्ही सगळ्यांनी ओळखली. दादाची गाठ. तो सगळ्या गोष्टी अशाच बांधायचा: बादलीचा कान, चष्म्याची काडी, खाटेचा पाया. पट्टी सोडली तर खालचं रबर वाळून कडक झालेलं आणि नखानं दाबलं की उघडणारी एक चीर.

'अण्णांनी दाबून बांधलं म्हणून एवढं तरी चाललं,' पुतण्या म्हणाला. तो वडलांना अण्णा म्हणायचा.

नवी नळी, दोन क्लिपा आणि त्याच पाइपच्या दोन्ही टोकांना नवे तांब्याचे वायसर. बार्शीच्या दुकानात सगळे मिळून दोनशे रुपयांच्या आत झाले. मिस्त्रींनी मजुरी घ्यायला नकार दिला, मग वहिनींनी त्यांच्या पिशवीत शेर-दोन शेर हुलगे ओतले. नव्या ट्रॅक्टरचा कागद पुतण्यानं कोनाड्यात ठेवून दिला. नवा घ्यायचाच नाही असं मी म्हटलेलं नाही. जुनं यंत्र कधीतरी थकणारच, आणि पंप खरोखर गेलेला असतो तेव्हा तो खर्चही करावाच लागतो. पण एका चिरेसाठी सात लाखांचा बोजा सातबाऱ्यावर चढता चढता राहिला, हेही तितकंच खरं.

रात्री अंगणात बाजेवर पडल्यावर मी पुतण्याला १९८९ ची हकिकत सांगितली. पहिल्यांदाच कुणाला तरी. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, 'काका, त्यांना माहीत होतं का, वायसर होता म्हणून?'

'माहीत नाही.'

'म्हंजे ते आयुष्यभर पंपालाच नावं ठेवत बसले असतील.'

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पंपालाच, की स्वतःच्या नशिबाला, की मला? बँकेत तेहतीस वर्षं मी माणसांची पत तपासली. कुणाचं काय बिघडलंय हे विचारायच्या आधी त्याची नियत बिघडलीय का, हे पाहायची सवय लागली होती. मिस्त्रींच्या भाषेत, हजाराचं काम आधी. 'असं कधी होतं? तेव्हा टाकीत डिझेल किती असतं?' हे फुकटचे दोन प्रश्न होते. मी विचारले नाहीत.

जूनमध्ये पाऊस वेळेवर आला. मी पुण्यात होतो. एका सकाळी पुतण्याचा फोन आला. पेरणी चालू होती. 'ऐका,' एवढंच तो म्हणाला आणि त्यानं फोन इंजिनाजवळ धरला. ट्रॅक्टर एका लयीत चालला होता. मी बराच वेळ ऐकत राहिलो. मग तो पुन्हा फोनवर आला, 'काय म्हणता काका, कसाय आवाज?'

'आवाज चांगला आहे,' मी म्हणालो. 'टाकी निम्मी झाली की परत फोन कर.'